धोंडमाळचं कार्ड

पुणे, २७ नोव्हेंबर १९७२

अक्का,

परवा तू माझ्या पायांवर अख्खी बादली ओतलीस. मी काही जावई नव्हतो तुमचा. कॉलेजातनं दुष्काळाची माहिती भरायला आलेलं पोरगं होतो, आणि वर तुझा सख्खा भाऊ. तांब्याभर पुरलं असतं. पण तू ओततच होतीस, दाजी ओसरीवरनं बघत होते, आणि तुझी सासू साळूबाई म्हणत होती, "वत गं चांगुणा, वत. हिरीला काय कमी हाय."

मी फॉर्म काढला. गावच्या विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं? रंगनाथ दाजी सरपंच, त्यांनीच उत्तर द्यायचं. म्हणाले, "बारमाही." मी तुझ्याकडं बघितलं, तर तू पदर सारखा करत आत गेलीस. अशी गेलीस की जसं काही मी खरंच सरकारी माणूस आहे.

मग गावात ज्या दारी गेलो त्या दारी बारमाही. सुतार बारमाही, शाळेचे गुरुजी बारमाही. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तर माझ्या पेनाकडं बोट केलं, "ल्ही की, बारमाही." आणि बाकीचे तोंडात तंबाखू धरून गप. सुप्याच्या रस्त्याला लागताना मी विहिरीत डोकावलो. तळाला पोरं गोट्या खेळत होती.

तू विचारायचीस ना, पुण्यात तू नेमकं काय शिकतोस? तात्यांना मी भूगोल म्हणून सांगतो, ते गावात सांगतात पोरगं नद्या पाठ करतंय. तर ऐक. एका गावाला एक कार्ड. पोस्टकार्डापेक्षा लांब नि कडक. त्याला भोकं पाडायची. आधी गाव कुठं आहे त्याची भोकं. म्हणजे मी मोठ्या सरकारी नकाशावर चौकटीचा पारदर्शक कागद टाकतो, डावीकडनं किती नि खालनं किती ते मोजतो, आणि तेवढे आकडे म्हणजे तुमचं धोंडमाळ. देऊळ नाही, पार नाही, साळूबाई नाही. दोन आकडे. मग पाण्याचं भोक. बारमाही असेल तर चार. होळीपर्यंत तीन, संक्रांतीपर्यंत दोन, आणि दिवाळीलाच आटलं तर एक. अशी सगळ्या तालुक्याची कार्डं ट्रंकेत घालून पाठक सर मुंबईला नेतात. तिथं एक मशीन आहे, खोलीएवढं. ते कार्डं खातं आणि नकाशा छापून देतं. शाईचे ब्रश नाहीत, माणूस नाही. सर अमेरिकेत शिकून आलेत हे. आख्ख्या महाराष्ट्रात हे येणारी माणसं एका रिक्षात बसतील, नि त्यातला एक तुझा भाऊ.

आणखी एक गंमत. ज्या गावाचं कार्डच नाही ते गाव मशीन मोकळं सोडत नाही. शेजारच्या गावांवरनं अंदाज करून भरतं. तुमच्या माळामागची वाडी आहे ना, तिथं मी ऊन फार होतं म्हणून गेलोच नाही. ती वाडी आता धोंडमाळवरनं भरली जाईल. दाजी जे बोलतील ते तिचं पाणी.

हा नकाशा जानेवारीत नगरला कचेरीत जाणार, आणि टँकर कुठल्या गावाला द्यायचे ते त्यावरनं ठरणार. चारला टँकर नाही. कळतंय का?

एक ओळ लिही. खरं काय ते. भोक मी पाडतो.

सहादेव

पुणे, ११ डिसेंबर १९७२

अक्का,

चौथी शिकलेल्या बाईनं किती सरळ लिहावं. तुझं पत्र मी खोलीतल्या पोरांना वाचून दाखवणार होतो, मग नाही दाखवलं. "हिरीत पानी न्हाई. दिवाळीलाच गेलं. पर तू बारमाहीच ऱ्हाऊ दे. माघात भिमाजीचं लगीन हाय. कोल्हारची पुष्पी करायचीय. तवर कागुद बदलू नगं."

पुष्पी. आपली पुष्पी. गोरक्षनाथ काकांची. आई गेल्यावर ज्या काकीनं आपल्या दोघांना जेवूखाऊ घातलं त्या काकीची एकुलती पोरगी. कालव्यात पोहणारी, प्रवरेच्या काठची, जिनं जन्मात विहिरीवर दोर सोडला नाही. ती तुझ्या दिराला.

आता मला दारोदारचं बारमाही कळलं. मी मूर्खासारखा समजत होतो की लोक टँकरवाल्याच्या ऐटीला कंटाळलेत. एकेका घरात एकेक घोडनवरा बसलाय तुमच्या. धोंडमाळला पाणी नाही असं एकदा सरकारच्या कागदावर आलं की पोरी येणार नाहीत. घशाला कोरड पडली तरी चालेल, पण कागद ओला पाहिजे. आख्ख्या गावानं मिळून मला फसवलं, आणि त्यासाठी कुणाला कुणाशी बोलावंसुद्धा लागलं नाही. हे मला फार आवडलं, खरं सांगतो. सरांना सांगितलं तर ते यावर लेख लिहितील.

तुझ्या वेळी तात्यांना कधी नेलं होतं घर बघायला? भाद्रपदात. भाद्रपदात काय, माझ्या चपलेतपण पाणी असतं. तात्या घरी येऊन काकीला म्हणाले, विहिरीला वाकून हात लावला तर हात भिजला. मग तू पहिल्या दिवाळीला आलीस आणि काकी तुझं डोकं विंचरायला बसली. मधोमध रुपयाएवढी जागा मोकळी. हंड्याखालच्या चुंबळीनं केस गेलेले. काकी म्हणाली, उष्णतेनं असेल. तू म्हणालीस, असंल. मी तिथंच अभ्यास करत बसलो होतो.

ती जागा आता केवढी झालीय? पुष्पीचे केस गुडघ्यापर्यंत आहेत, तेवढी सोय आहे. बरीच वर्षं पुरतील.

काकांना मी सांगणार आहे. नाताळच्या सुट्टीत नाही जमलं तर जानेवारीत. तोंडानं सांगेन, नकाशा नाही दाखवणार. दाजींना हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. त्यांना माझं अक्षर लागत नाही, म्हणून म्हणतो.

सहादेव

पुणे, ६ जानेवारी १९७३

अक्का,

तुझ्या पत्रावर तीन वेळा उत्तर लिहायला बसलो. पहिल्यात शिव्या झाल्या. दुसरं सरांच्या भाषेत झालं. हे तिसरं आहे.

तुला पाचवा सरत आलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मागचं मूल कसं गेलं तेही नाही. आम्हाला कोल्हारला एवढंच कळलं होतं की गेलं. सुप्याच्या बागाइतदाराच्या विहिरीवरनं येताना, डोक्यावर दोन हंडे, आणि तू खाली बसलीस, आणि आधी हंडे उतरवलेस नीट. हे तू लिहिलंस म्हणून मला कळलं. हंडे नीट उतरवलेस ते का लिहिलंस? कौतुक व्हावं म्हणून की साळूबाईनं विचारलं होतं म्हणून?

बरं. मी म्हणतो ते साधं आहे. मी भोक बदलतो. चारचा एक करतो. टँकर येईल, दारात येईल, तुला चालावं लागणार नाही, पोर वाचेल. मग पुष्पी कशाला पाहिजे? यावर तू लिहितेस, "टँकर येतो नि जातो. जाऊ ऱ्हाती."

हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलंय. तू कॉलेजात असतीस तर मी नापास झालो असतो.

तरी पण मी कार्ड बदललं. खरंच बदललं. नवं कार्ड घेतलं, धोंडमाळचे दोन आकडे पाडले आणि शेवटी एक पाडला. सरांनी पकडलं. ते फॉर्म आणि कार्डं शेजारी ठेवून तपासतात, बोट ओलं करून. म्हणाले, फॉर्मवर चार आहे, सरपंचाची सही आहे, अक्षर तुझं आहे, मग कार्डावर एक कुणी सांगितला.

"माझ्या बहिणीनं, सर. ती तिथं दिलीय."

"तिचा फॉर्म भरलास?"

"नाही."

"फॉर्म नाही म्हणजे बहीण नाही. चार पाड."

मी पाडला. सर वाईट नाहीत. ते म्हणाले, आज तू बहिणीसाठी बदलशील, उद्या कुणी भाच्यासाठी बदलेल, मग मशीनचा काय उपयोग. पुढची फेरी उन्हाळ्यात आहे, तेव्हा गावातनं रीतसर फॉर्म आण. मला त्यांचं पटलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं तेव्हा पटलं.

आणि मग नकाशा आला. अक्का, तुला कसं सांगू. लांबच्या लांब कागद, कडेला भोकं, आणि त्यावर नुसती अक्षरं नि टिंबं. जवळनं काहीच कळत नाही. भिंतीला लावला, खोलीच्या दारापर्यंत मागं गेलो, आणि आख्खा तालुका उभा राहिला. पाणी नाही तिथं टिंब, थोडं असेल तिथं अधिकची खूण, मग फुली, आणि बारमाही असेल तिथं मशीन एकाच जागी चार अक्षरं एकावर एक छापतं, पार काळं होईपर्यंत. तुमच्याकडची ओळ अशी आहे:

. . . . + + X X ■ ■ ■ ■ X X + + . . . .

मधलं काळं ते तुम्ही. धोंडमाळ आणि मागची वाडी. आसपास सगळं वाळवंट आणि मधे एक तळं. सरांनी पाठ थोपटली. मी त्या वेळी तुझा विचार करत नव्हतो. खोटं कशाला सांगू, मला एवढा आनंद कधीच झाला नव्हता. एक कागद कचेरीला गेला, एक सरांनी ठेवला, एक मी तात्यांना पाठवला कोल्हारला. त्यांना कळू दे तरी पोरगं नद्या पाठ करत नाही ते.

सहादेव

कोल्हार, २९ जानेवारी १९७३

अक्का,

काकांच्या माजघरात बसून लिहितोय. बाहेर तुझ्या सासरच्या बैठकीची तयारी चाललीय, शेवया वाळत घातल्यात. काल सांगायचं म्हणून आलो होतो.

दारातनं आत आलो तर समोर भिंतीवर माझा नकाशा. तात्यांनी काकांकडं आणून लावलाय. एका बाजूला दत्त, दुसऱ्या बाजूला कारखान्याचं कॅलेंडर, मधे मी. काकी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, आमच्या सहादेवानं मशिनीवर काढलाय.

काका म्हणाले, त्यांच्या मनात खरं तर किंतु होता. त्या बाजूला पाणी कमी असं बाजारात कुणीतरी बोललं होतं. चांगुणा तिथं आहे पण चांगुणा कशाला सासरचं उणं सांगेल. पोरगी द्यावी की न द्यावी, महिनाभर झोप नव्हती. मग तुझा कागद आला, म्हणाले. म्हणजे माझा. "सरकारच्या मशिनीला काय सोयरीक करायचीय? ती कशाला खोटं बोलंल?"

मी म्हणणार होतो. माझ्या तोंडात शब्द जमलेले होते. तेवढ्यात पुष्पी आली, हाताला पीठ, आणि काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. पिठाचा डाग पडला तिथं.

"दादा, काळं म्हंजी पानी ना?"

"हो."

"आन् हे तूच केलंस?"

"हो."

दोन्ही उत्तरं खरी आहेत. काळं म्हणजे पाणीच. आणि मीच केलंय. ती हसली आणि आत गेली. काकीनं मला चहा दिला, आणि म्हणाली की पोरीला आता तरी धीर आला, आठ दिवस जेवत नव्हती. मी चहा प्यायलो. नंतर काका गोठ्यात गेले, मी मागनं गेलो, म्हशीला पाणी पाजताना त्यांच्याशी कडब्याच्या भावावर बोललो.

तुला काही भीती नको. मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते तू मला विचारू नकोस, आणि मी तुला काहीच विचारत नाही. उद्या सकाळच्या एसटीनं जातोय.

सहादेव

पुणे, ३ मार्च १९७३

अक्का,

लग्नात तुझ्याशी बोलता आलं नाही. तू मुद्दाम बायकांत होतीस. पोट दिसत होतं आता. डोक्यावरनं पदर हलला नाही तुझा दिवसभर.

पाठवणीच्या वेळी साळूबाई काकीशी बोलत होती, मी दोन हातांवर उभा. फार खुशीत होती. म्हणाली, "आता न्या हो तुमची थोरली बाळंतपनाला. मागच्या टायमाला कशी धाडनार हुते? पानी कुनी भरलं असतं? आता दुसरी आली, आता खुशाल न्या." काकी हसली. तिला वाटलं विहीणबाई गंमत करतायत. रडून डोळे सुजले होते, तरी हसली.

मी तिथं उभा होतो आणि माझ्या डोक्यात सगळं जाग्यावर बसलं. मी समजत होतो तुला दोन डोक्यांत हंडे वाटून घ्यायचेत. तसं नाही. तुला बदली पाहिजे होती. झेडपीच्या शाळेत मास्तरला असतं तसं, दुसरा हजर झाल्याशिवाय पहिला सुटत नाही. पहिल्या बाळंतपणाला तुला सोडलं नाही कारण हंडे कोण आणणार. यंदा तू आधी माणूस आणून उभं केलंस, मग सुटलीस. सातवा सरायच्या आत. तारखासुद्धा बरोबर जुळवल्यास.

मी हे शिव्या म्हणून लिहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीपण कुणालातरी दिलं असतं. पण काकीची पोरगी? तुला दुसऱ्या कुणाची सापडली नाही? हा प्रश्न मला रात्रंदिवस पडतो आणि मग उत्तरपण सापडतं. दुसऱ्या कुणी तुझ्यावर विश्वास ठेवला नसता.

आता तू कोल्हारला आलीस. पाटाचं पाणी दारातनं वाहतंय, काकी तुझे पाय चेपत असेल. डिंकाचे लाडू खा. मी आता बोलल्याप्रमाणे करणार. तू म्हणाली होतीस, लगीन होईस्तवर. लगीन झालं. एप्रिलची फेरी आहे. धोंडमाळचा फॉर्म मी स्वतः भरायला जाणार, आणि या वेळी खालची पोरं, गोट्या, सगळं लिहिणार.

सहादेव

पुणे, २६ एप्रिल १९७३

अक्का,

मुलगा झाला म्हणून तात्यांची तार आली. नाव नका ठेवू घाईनं. रंगाला कसा आहे?

मी धोंडमाळला जाऊन आलो. सुप्यापासनं आत चालत. टँकर दिसले रस्त्यानं, दोन. एक डावीकडच्या गावाला वळला, एक उजवीकडच्या. मधे तुम्ही, काळे. ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला धोंडमाळ यादीत नाही, तिथं बारमाही आहे.

माळामागच्या वाडीतपण गेलो या वेळी. ऊन होतं तरी गेलो. वाडीत कुणी नाही. दारांना काट्या लावून माणसं उठून गेलीत, कुणी म्हणालं खडी फोडायला, कुणी म्हणालं पुण्याकडं. एक कुत्रं होतं. माझ्या नकाशावर तिथं अजून भरपूर पाणी आहे.

पुष्पी मला रस्त्यातच भेटली. विहिरीकडनं येत होती, म्हणजे बागाइतदाराच्या. डोक्यावर दोन, कमरेवर एक. मी घ्यायला गेलो तर दिलं नाही, पुरुषानं पाणी नेलेलं बघितलं तर साळूबाई घर डोक्यावर घेईल म्हणाली. शेजारनं चालत राहिलो. उन्हानं काळवंडलीय. कमरेवरचा हंडा सावरला. मग म्हणाली, "दादा, नकाशा लई छान छापतोस. म्या तर नव्या चपला काढून हातात घेतल्या हुत्या गावात शिरताना. म्हणलं, चिखुल आसंल."

आवाजात काही नव्हतं. राग असता तर मला बरं झालं असतं.

दाजी खडीच्या कामावर मुकादम म्हणून बाहेर होते, भिमाजीपण तिकडंच. मी ओसरीवर फॉर्म काढला आणि घरातल्या माणसाचं उत्तर म्हणून पुष्पीचं घेतलं. तिनं मान खाली घालून सांगितलं आणि सही केली, सातवीपर्यंतची सही, वळणदार. साळूबाई आतनं ऐकत होती. मला वाटलं ओरडेल. ती बाहेर येऊन बसली आणि म्हणाली, "ल्ही बाबा, आता खरं ल्ही. आमचं लगीन झालं. दुसऱ्याच्या पोरांचं काय करायचंय." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली की नातवाला बघायला जीव तुटतोय, पण बाळंतिणीला नि पोराला पाणी फार लागतं, इथं कुठनं आणायचं. "टँकर चालू हू दे. त्याच आठवड्यात धाडून देते रंगनाथाला आनायला. पुष्पीला तरी एकटीला किती वढायचं."

एवढं ऐकून मी उठलो. पुष्पीनं फक्त विचारलं, "आक्काला कसं हाय? बाळ दूध पितंय का?"

फॉर्म माझ्या पेटीत आहे. सर मे महिन्याच्या दहा तारखेला मुंबईला जाणार. तुला कळवतोय.

सहादेव

पुणे, १९ मे १९७३

अक्का,

तुझं पत्र मिळालं होतं. ते मिळाल्यावरच मी दहा तारखेच्या आधी कोल्हारला येऊन गेलो. पत्राबद्दल आपण बोललो नाही, काकी सारखी आसपास होती. म्हणून आता लिहितो.

तू लिहिलंस, "आता नगं बदलू. पोरगं मान धरंस्तवर थांब. या उन्हात त्याला तिकडं नेलं तर ते ऱ्हानार न्हाई. टँकर आला की मला नेत्यात. मला ठावं हाय पुष्पीला कसं हुत आसंल. पर पुष्पी धट्टीकट्टी हाय. तू दोन म्हयने काय करू नगं. तुला हात जोडते." खाली पाण्याचे दोन डाग होते. खरे असतील.

मी थांबलो असतो. हे तुला खरं वाटणार नाही. येताना एसटीत मी ठरवलं होतं की फॉर्म पेटीतच ठेवायचा. सरांना सांगायचं, धोंडमाळचा रस्ता बंद होता. जुलैत बघू. मी तुझं पोर बघितलं, बोटाला बोट धरलं त्यानं माझ्या, आणि माझं पक्कं झालं होतं.

मग सकाळी काकी तुला न्हाऊ घालायला बसली. मी न्हाणीच्या कुडाबाहेर दाढी करत होतो, तुला माहीत होतं मी आहे ते. काकीनं चुलाण्यावर दोन हंडे तापवले होते, एक तुला, एक पोराला, आणि वर थंड विसावणाला बादल्या. ती तांब्यावर तांबे ओतत होती. पाठ, कंबर, पाठ. पाणी कुडाखालनं वाहत माझ्या पायाशी आलं आणि पुढं केळीत गेलं. किती वेळ वाहत होतं. काकी ओतताना बोलत होती, पुष्पीचं पत्र नाही, नवीन घर आहे, रुळत असेल, आणि मग तिनं ओतायचं थांबवलं.

"चांगुणा, माझ्या पोरीला तितं पानी पुरतं ना गं?"

मी वस्तरा खाली घेतला. मी म्हणलं, आता बोलेल. ही बाई हिला वाढवणारी आहे, आत्ता हिची पाठ चोळतेय, आता सांगेल.

तू म्हणालीस, "काकी, जरा कडक घ्या की. गार लागतंय."

काकीनं चुलाण्यातनं गरम घेतलं आणि ओतलं.

तू खोटं बोलली असतीस तर मी थांबलो असतो, अक्का. पाणी भरपूर आहे म्हणाली असतीस तर मी म्हणलो असतो, जशी सगळ्या गावाची खोड तशी हिची. पण तू अजून पाणी मागितलंस.

दहा तारखेला सर जाताना मी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बोट ओलं करून बघितलं, सही बघितली, हं म्हणाले. कार्ड मी पाडलं. शेवटी एक. नवा नकाशा मंगळवारी नगरला गेला. तुमच्या जागी आता टिंब आहे, आणि वाडीच्या जागीपण, म्हणजे वाडी आता बरोबर आहे, फक्त माणसं यायचीत. गावात दोघातिघांच्या सोयरिकी मोडल्या म्हणे लगेच. दाजी सरपंच म्हणून लोकांच्या शिव्या खातायत. ते त्यांचं ते बघतील.

टँकर सोमवारपासून चालू होतोय. कचेरीतनं पक्कं कळलं. साळूबाईला मी काल पत्र टाकलं, गुरुजी वाचून दाखवतील. तुला न्यायला दाजी बुधवारी येतील, फार तर गुरुवारी. काकी दोन महिने ठेवा म्हणेल, काका म्हणतील रीत आहे, पण सासूला नातू बघायचाय आणि दारात पाणी आलंय, आता नाही कसं म्हणणार तुम्ही.

पुष्पी कोल्हारला येईल असं समजू नकोस. ती तिथंच राहील. आता तुम्ही दोघी असाल.

पहाटेच्या गाडीनं निघा, ऊन चढायच्या आत नगर गाठा. पोराच्या कानाला फडकं बांध. टँकरचं पाणी गढूळ असतं, त्याला उकळून गाळून पाज.

सहादेव